एकुलता फोटो

फोटो आला तो मंगळवारी सकाळी, स्टीलच्या डब्यातून. डब्यात ओला रुमाल, रुमालात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पुठ्ठा आणि पुठ्ठ्याला टेकून सबीहा. साल दोन हजार पंधरा, महिना मे. बाळापूरला तेव्हा असं ऊन होतं की स्टँडसमोरचं कुत्रं सावली सरकेल तसं सरकत संध्याकाळपर्यंत पानठेल्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घालत असे. अशा उन्हात कुर्बानचाचा अकोल्याच्या जुन्या शहरातून एसटीनं आले, डबा मांडीवर धरून. कंडक्टरनं विचारलं, "जेवण का जी?" चाचा म्हणाले, "लेक आहे." कंडक्टर पुढच्या सीटकडं वळला.

कुर्बानचाचांचं गादी-रजईचं दुकान होतं आणि चार मुली होत्या. तिघींची लग्नं झालेली. फोटोच्या बाबतीत त्यांचे हात तिसरीच्या वेळी चांगलेच पोळले होते. तिचा फोटो त्यांनी विश्वासानं एका घरी मोबाइलवर पाठवला. तिथून तो त्या घरच्या मामाकडं गेला, मामाकडून मिरची उत्पादकांच्या ग्रुपवर गेला, आणि आठवडाभरात तिला तीन जिल्ह्यांतून मागणी आली. त्यातल्या एकाचं लग्न आधीच झालेलं होतं, आणि एकाला मुळात मिरचीचं बियाणं पाहिजे होतं. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी फोन येतच होते. शेवटी जावयानं विचारलं, "अब्बा, ही अजून बाजारात आहे का?"

तेव्हापासून चाचांनी कायदाच केला. चौथीचा, म्हणजे सबीहाचा, फोटो कागदाचा असेल, एकच असेल, हातात दिला जाईल आणि हातातूनच परत घेतला जाईल.

"याची दुसरी कापी जगात नाही, भाभी," डबा उघडताना चाचा फुरकानच्या अम्मीला म्हणाले. "कॅमेऱ्यातून निघाला तो हा. मोबाइलनं याचा फोटो काढू नका. तोंडावर बोट लावू नका, दाग पडते. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मले परत आणून द्या. पसंत असो, नसो."

अम्मीनं छातीवर हात ठेवून शब्द दिला. चाचा उन्हात परत गेले. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो फुरकान त्या वेळी आपल्या दुकानात एका पंपाच्या नळीत फुंकर घालत होता.

फुरकान एकोणतीस वर्षांचा. फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. ते दिवस असे होते की वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरी कोणी मुलगी द्यायला तयार नव्हतं. फुरकानला शेती नव्हती, म्हणून अम्मीला सुरुवातीला मोठी आशा होती. पण बोलणी दर वेळी एकाच वळणानं जायची. "मुलगा काय करते?" "पंप दुरुस्त करते जी." "कायचे?" "फवारणीचे." "कोणाचे?" "शेतकऱ्याचे." "मंग शेतीच झाली ना ते!" असं म्हणून सात घरांनी चहा पिऊन निरोप घेतला होता. आणि त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. मागच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. उभं पीकच नाही तर फवारायचं कशावर? ज्यांच्याकडं फवारायला काही उरलं होतं ते पंपाचं वायसर जुन्या चपलेतून कापून घरीच बसवत. त्या वर्षी बाळापूर तालुक्यात पंप सगळे चालू होते आणि चपलांना भोकं होती.

फुरकानचा स्वतःचा फोटो त्याच्या बहिणीनं, नाजियानं, मोबाइलवर काढून आधीच अकोल्याला पाठवला होता. नाजियाच्या मोबाइलमध्ये माणसं गोरी करण्याची सोय होती. तिनं भावाला गोरं केलं, मग अजून गोरं केलं, ओठ गुलाबी केले, आणि मागं पंपांचा ढीग दिसत होता तो पुसून तिथं बर्फाचा डोंगर ठेवला. फुरकान म्हणाला, "हा कोण?" नाजिया म्हणाली, "तूच. फक्त धुतलेला."

तर मंगळवारी दुपारी फुरकान जेवायला घरी आला. सबीहाचा फोटो तोवर अम्मीनं पाहिला होता, नाजियानं पाहिला होता, शेजारच्या दोन घरांनी पाहिला होता, आणि फोटो कुठे दिसतो का म्हणून आलेल्या दूधवाल्याला हाकलून झालं होतं. सगळ्यांचं मत एकच पडलं. मुलगी फार देखणी आहे. इतकी की अम्मीला पहिल्यांदा आनंद झाला, मग अभिमान वाटला, आणि मग सगळ्या आयांना वाटते तीच भीती वाटली. एवढ्या डोळ्यांनी पाहिलं. पोरीला नजर लागली असेल.

अम्मीनं शेगडीत कोळसे पेटवले. सात लाल मिरच्या, मीठ, मोहरी. फोटोवरून सात वेळा ओवाळून कोळशावर टाकलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तान्ह्या मुलाला धुरी देतात तशी फोटोलाही थोडी द्यावी असं तिच्या मनात आलं. चाचांनी बोट लावू नका म्हणून बजावलेलं. अम्मी शब्दाची पक्की. तिनं बोट लावलं नाही. तिनं पापड भाजायचा चिमटा घेतला, फोटो खालच्या कडेला धरला आणि डोक्याकडून कोळशावर धरला.

फोटो पापडासारखा फुगला.

फुरकान दारात आला तेव्हा अम्मी चिमट्यात फोटो धरून उभी होती आणि नाजिया पदरानं वारा घालत होती. त्या घरात एरवी उर्दू चालायची आणि दुकानात वऱ्हाडी. घाबरल्यावर मात्र सगळे वऱ्हाडीतच घाबरत.

"काय झालं?" फुरकान म्हणाला.

"काही नाही," अम्मी म्हणाली. "तुह्या होणाऱ्या बायकोची नजर काढून राहिलो."

"मंग?"

"निघाली. सोबत तोंड बी निघालं."

फुरकाननं फोटो हातात घेतला. तळहाताएवढा, पांढऱ्या काठाचा. वरच्या अर्ध्यात तपकिरी फोड आणि सुरकुत्या, तव्यावर राहून गेलेल्या भाकरीसारख्या. खालचा अर्धा मात्र शाबूत होता. हिरव्या ओढणीचं टोक, आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. एका हाताच्या मधल्या बोटात पितळेची टोपी होती, रजई टाचताना सुई बोचू नये म्हणून घालतात तो अंगुस्ताना. दुसऱ्या हाताच्या करंगळीला लाल दोरा गुंडाळलेला. फुरकाननं फोटो नाकाशी नेला. मिरचीचा वास येत होता, आणि मिरचीच्या मागं, का कोण जाणे, मोगऱ्याचा.

त्या दिवशी तो जेवायचं विसरला. दुकानात गेला आणि पंपाची दांडी उलटी बसवली.

बुधवारी घरात मसलत झाली. नाजिया म्हणाली, "मोबाइलमध्ये चोरून काढून ठेवला असता तं आज कामी आला असता. जिंदगीत पहिल्यांदा कोणाचं ऐकलं, अन् हे असं झालं." अम्मीचं म्हणणं, फोटो लिफाफ्यात घालून लिफाफा डिंकानं चिकटवायचा, एवढ्या चांगल्या चिकटवलेल्या लिफाफ्याला कोण फाडते? मग नाजियाला सुचलं की आपणच रागावून दाखवायचं, फोटो असाच आला म्हणून. फुरकान ऐकत राहिला. या आधी सात घरांनी नाही म्हटलं तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, पण बस चुकल्यावर वाटतं तितकंच. दुसरी येते. या वेळी वेगळं होतं. तो ज्या मुलीचं तोंड पाहिलं नाही तिच्या करंगळीचा दोरा सोडवण्याचा विचार करत होता. ही बस चुकायला नको होती.

"मी अकोल्याले जातो," तो म्हणाला. "ज्यानं फोटो काढला त्याच्यापाशी दुसरा असंल. फोटोवाल्यापाशी असतेच."

गुरुवारी सकाळी विचारत विचारत तो जुन्या शहरात एका दारापाशी पोचला. दारावर पाटी होती: सुरैय्या मेहंदी व फोटो, फक्त लेडीज. त्यानं कडी वाजवली.

"वाचता येत नाही का?" आतून आवाज आला.

"खाला, काम लेडीजचंच आहे."

सुरैय्या खाला पन्नाशीची, हातभर रुंद चष्म्याची बाई. भाच्यानं दुबईहून आणलेला एक गुबगुबीत कॅमेरा तिच्याजवळ होता; बटण दाबलं की त्याच्या डोक्यातून फोटो बाहेर येई. फुरकाननं काही न बोलता डबा उघडला. खालानं फोटो पाहिला, मग हुंगला.

"मिरच्या किती?"

"सात."

"चिमट्यानं धरला?"

"तुमाले कसं समजलं?"

"कडेले पापड चिकटला आहे, बेटा."

आणि मग ती हसायला लागली. बसून हसली, चष्मा काढून हसली, पाणी पिऊन पुन्हा हसली. फुरकान उभा राहिला. आठवं घर हसून नाही म्हणतंय, एवढाच काय तो फरक, असं त्याला वाटलं.

"खाला, याची दुसरी कापी काढून द्या. निगेटिव्ह असंल ना?"

"याले निगेटिव्ह नसते."

"कार्डात असंल."

"कार्डच नसते. कॅमेऱ्यात राहत नाही, माह्या डोक्यात बी राहत नाही. म्हून तं बाया माह्याकडं येतात! या गल्लीतल्या एकेकीच्या मोबाइलमंदी हजार हजार फोटो आहेत. तरी येतात. हा फोटो तिच्या डोळ्यासमोर उमटते अन् तिच्यासोबत घरी जाते. मागं काही उरत नाही. मोबाइल नालीत पडला तं हजार फोटो मरतात. हा पडला तं उचलून पुसते अन् शिलाई मशीनच्या खणात ठेवते." ती थांबली. "भाजायचं मात्र आतापर्यंत कोणाले सुचलं नव्हतं."

"मंग दुसरा काढा. तिले बसवा पुन्हा."

"कागद पायजे ना." खालानं डोक्यावर ओला टॉवेल घेतला. "चाल. दाखवतो तुले."

मोर्णा नदीच्या पुलाजवळ पंजाबरावांचं फुलांचं दुकान होतं. ते आणि त्यांची बायको शालू, दोघं मिळून चालवत. सुरैय्या खालाच्या घरी फ्रीज होता, पण वीज कधी असायची तर कधी नसायची, आणि अकोल्याच्या उन्हात तिचे फोटोचे कागद लाल पडायचे. म्हणून ती कागदांची पाकिटं आणि भरलेला कॅमेरा पंजाबरावांच्या बर्फाच्या पेटीत, मोगऱ्याच्या गजऱ्यांखाली ठेवी. नुकता काढलेला फोटोही तिथंच आणून ठेवी, थंडाव्यात नीट उमटावा म्हणून. फुरकानला वासाचा उलगडा झाला. जुन्या शहरातल्या अर्ध्या बायकांच्या फोटोंना मोगऱ्याचा वास होता.

खालानं पेटीतून कॅमेरा काढला आणि पाठीमागची बारीक खिडकी दाखवली. खिडकीत एक आकडा होता: एक.

"एक आहे की!" फुरकान म्हणाला.

"तो आमचा आहे," शालू म्हणाली. ती गजरा ओवत होती आणि तिनं मान वर केली नाही.

"पेटीचं भाडं," पंजाबरावांनी समजावलं. "त्याचं असं आहे भाऊ, आमच्या लग्नात फोटोवाला दोन दिवस फ्लॅश मारत फिरला. जेवला, झोपला, पुन्हा फ्लॅश मारला. मंग समजलं, त्यानं रोलच टाकला नव्हता. बावीस वर्षं झाली. आमचा दोघांचा एकत्र कागदावर फोटो नाही. खाला म्हणाली, शेवटचा कागद तुमचा."

"मंग काढला काहून नाही?"

"कोणतं लुगडं नेसायचं ते ठरून राहिलं," पंजाबराव म्हणाले. "रामनवमीपासून."

फुरकान झेंडूच्या पोत्यावर बसला. मग त्यानं पुन्हा डबा उघडला आणि शालूकाकूंना फोटो दाखवला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. शालूनं सुई थांबवली. फोटोकडं पाहिलं, फुरकानकडं पाहिलं.

"लग्न जुळलं का तुमचं?"

"हेच तं जुळवून राहिलो, काकू."

शालूनं अर्धा गजरा बाजूला ठेवला. "आमचं लग्न बिनफोटोचं बावीस वर्षं चाललं," ती म्हणाली. "याचं फोटोपायीच अडलं. द्या त्याले. खाला, ईदीले तुमचा भाचा कागद घेऊन येईन तवा आमचा काढा. तवापर्यंत लुगडं बी ठरते."

"नाही ठरत," पंजाबराव म्हणाले.

"तुमी गप बसा."

फुरकान उठून उभा राहिला, पण खालानं त्याला पुन्हा पोत्यावर बसवलं. "घाई करू नको. मी पोरीले फसवून फोटो काढत नसतो. आधी जाऊन तिले सगळं सांगतो. मिरच्या, चिमटा, सगळं. मंग तिनं बसायचं का नाही ते ती ठरवंल."

"सगळं सांगता?"

"पापड बी."

कुर्बानचाचांचं घर तिथून चार गल्ल्यांवर. चाचा दुपारी दुकानात असत. खाला टॉवेल सावरत गेली. फुरकाननं पोत्यातला एक झेंडू उचलला आणि त्याच्या पाकळ्या मोजल्या. झेंडूला किती पाकळ्या असतात हे त्या दिवसापासून त्याला माहीत होतं.

खाला अर्ध्या तासानं घामाघूम परत आली.

"हसली का?" फुरकाननं विचारलं.

"नाही. तिनं विचारलं, जळायच्या आधी त्यानं पाहिलं होतं का मले?"

पंजाबराव पुढं झुकले. "सांगून दे, चांद आहे म्हणा. चांद म्हटल्यावर कोणी बाई रागावत नाही. बावीस वर्षांचा अनुभव आहे."

"मले तं एकदाबी नाही म्हटलं," शालू म्हणाली.

फुरकाननं विचार केला. हो म्हणणं फार सोपं होतं. अम्मीनं, नाजियानं आणि दोन शेजारणींनी इतकं वर्णन केलं होतं की डोळे मिटून त्यानं नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं सांगितलं असतं. आणि मग आयुष्यभर, तिचं तोंड समोर असताना, त्याला ते आठवत राहिलं असतं.

"नाही पाहिला," तो म्हणाला. "मी आलो तवा हातच उरले होते. तिले सांगा, हात पाहिले. मंगळवारपासून तेच पाहून राहिलो."

खाला पुन्हा गेली. या खेपेला तिनं टॉवेलखाली दोन केळीची पानं घेतली. पंजाबरावांनी फुरकानला पाणी दिलं.

खाला परत आली ती दुकानात बसलीच. "विचारते, हातात काय होतं?"

"डाव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्ताना. पितळेचा. एका बाजूनं पिचकलेला. उजव्या करंगळीले लाल दोरा, तीन वेढे. तिले विचारा, दोरा कायचा आहे? नवस आहे का दुखलं आहे?"

"मी काय पोस्टमन आहे?" खाला म्हणाली. पण उठली. दारातून वळून म्हणाली, "फोटो काढला तवा पोरगी रडवेली झाली होती, ठाऊक आहे तुले? अंगुस्ताना काढायचा राहून गेला म्हून. म्हणे खाला, दुसरा काढा, पोराकडचे म्हणतील दिवसभर सुई चालवते. मी म्हटलं, कागद नाही. बाप्पा, तुह्या घरी एवढ्या बायांनी पाहिला. कोणी बोललं त्या अंगुस्तान्याबद्दल?"

"नाही," फुरकान म्हणाला. "ते सारे तोंड पाहून राहिले होते."

तिसऱ्या खेपेला खालाला बराच वेळ लागला. पुलाची सावली नदीत उतरली. नदीत पाणी नव्हतं, म्हणून सावली दगडांवर बसली. फुरकाननं पोत्याच्या बाजूला पडलेला एक फवारणी पंप पाहिला. शालू फुलांवर पाणी मारायची तोच. दांडी ढिली होती. त्यानं खोलून बघितला. आत चपलेचं वायसर.

खाला आली. बसली. पाणी प्यायली. सगळ्यांना ताटकळत ठेवायची तिला हौस होती असं नाही, पण संधी आयती हातात आली होती, ती सोडणार नव्हती.

"दोरा कायचाच नाही," ती म्हणाली. "रजई टाचताना दोरा हरवू नये म्हून गुंडाळते. अन् बसायची नाही म्हणते. तिचा फोटो झाला एकदा, तुमी भाजून टाकला, झालं. शेवटचा कागद आहे तं त्याचा काढा म्हणते."

"कोणाचा?"

"तुहा. मोबाइलमंदी पाठवला तो तू नाही म्हणते. म्हणे तो कोणीतरी सोललेलं अंडं आहे, मागं बर्फ आहे. असा माणूस बाळापुरात राहू शकत नाही. खरा पाठवा म्हणते. पाहीन अन् परत करीन. कायदा म्हणजे कायदा."

पंजाबराव इतके हसले की पेटीचं झाकण आपटलं.

"मी पुरुषाचा फोटो कधी काढला नाही," खाला कॅमेरा पुसत म्हणाली. "बस तिकडं. उजेडाकडं तोंड कर. असा नको पाहू, मी दाताचा डॉक्टर नाही. सकाळी काय खाल्लं?"

ही खालाची पद्धत होती. ती कुणालाही हसा म्हणायची नाही. काहीबाही विचारायची, आणि समोरचा फोटो विसरेपर्यंत थांबायची. एका नवरीपाशी ती पाऊण तास थांबली होती.

"काही नाही खाल्लं."

"तो पंप काहून खोलला?"

"दांडी ढिली होती. आत चपलेचं वायसर टाकलं आहे कोणी."

"म्याच टाकलं," पंजाबराव म्हणाले.

"चपलेचं टाका, काकाजी, पण निळ्या पट्ट्याच्या चपलेचं नका टाकू. ते औषधानं फुगते. पांढऱ्या चपलेचं टाकलं तं एक हंगाम जाते. लोकं माह्याकडं येत नाहीत, ठीक आहे, त्यांच्यापाशी काही उरलंच नाही, पण योग्य चप्पल तं..."

कॅमेरा खरखरला.

पांढरा कागद बाहेर आला, खालानं तो पालथा करून गजऱ्यांखाली सरकवला आणि झाकण लावलं. फुरकान पेटीकडं बघत होता. आत बर्फावर, मोगऱ्याखाली, अंधारात तो हळूहळू उमटत होता. आधी केस, मग डोळे असं खाला सांगत होती. आपण कसे आलो असू? तोंड उघडं होतं हे त्याला आठवत होतं. 'चप्पल' या शब्दावर होतं.

"पाहू द्या ना," तो म्हणाला.

"नाही. जिचा आहे तिच्याकडं जाईन."

खालानं डोकावून पाहिलं, रुमालात गुंडाळलं आणि चौथ्यांदा उन्हात निघाली.

"खाला, कसा आला एवढं तरी सांगा!"

"तुह्यासारखा," ती म्हणाली. "तुहा फोटो ती अब्बाले दाखवंल. भाजलेल्याचं मात्र तुमीच सांगा म्हणते. ते काही मी सांगणार नाही."

शुक्रवारी नमाजनंतर फुरकान आणि अम्मी कुर्बानचाचांच्या दुकानात नव्या गादीवर बसले होते. इतकी मऊ गादी की अपराध्यासारखं ताठ बसायला जमेना. दोघंही मागं लवंडत होते. चाचांनी डबा उघडला. पिशवी उघडली. मग फोटो हातात घेऊन ते खूप वेळ पाहत राहिले. आपल्या मुलीच्या जागी फोड बघताना माणसाचं काय होत असेल ते त्यांच्या तोंडावर होत होतं.

"भाईजान," अम्मी म्हणाली, आणि तिनं घरून पाठ करून आणलेलं सगळं तिथंच सोडून दिलं. "मी केलं. पोरगी इतकी सुरेख दिसली का मले भेव वाटलं. नजर काढली. बोट नाही लावलं. चिमट्यानं धरलं." तिनं चिमटा धरल्यासारखी दोन बोटं पुढं केली. "माह्याच हातानं जाळली तुमची लेक."

पिंजणाच्या यंत्रावर बसलेला कापूस पंख्यानं उडत होता. चाचांच्या दाढीत एक तुकडा अडकला होता आणि तो काढण्याचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"मिरच्या किती?" ते म्हणाले.

"सात."

"ठसका लागला?"

अम्मीनं आठवून पाहिलं. "नाही."

"सात मिरच्या जाळल्या, घर बंद, अन् ठसका नाही?"

"नाही. नाजिया जवळच होती. तिले शिंक बी आली नाही."

चाचांनी फोटो खाली ठेवला. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर नजर लागलेली होती, आणि ती निघाली, हे त्यांच्या आईनं, त्यांच्या आजीनं आणि त्यांच्या तिन्ही मुलींच्या सासवांनी सांगितलेलं होतं. फुरकानला मात्र ठाऊक होतं की त्या मिरच्या मागच्या वर्षीच्या होत्या, डब्याच्या तळाच्या. त्यांच्यात ठसका राहिला नव्हता. तो सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात अम्मीनं त्याच्या पायावर पाय ठेवला. ठेवला आणि दाबला. खरं बोलण्याचं त्याचं काम काल होऊन गेलं होतं. त्यानं तोंड मिटलं.

"लय मोठी नजर होती मंग," चाचा सावकाश म्हणाले. "जे पोरीवर येणार होतं ते कागदावर गेलं." त्यांनी फोटो पुन्हा उचलला, आता जरा मानानं, आणि गल्ल्यामागच्या खिळ्याला टोचून ठेवला. "इथंच राहू द्या याले."

अम्मी रडायला लागली. फुरकानला वाटलं आता चहा येईल, आणि चहा आला की निरोप. आतापर्यंत तेच झालं होतं. चहा आला. त्यानं बशी खाली ठेवली आणि विचारलं, कारण विचारल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं, "चाचा, माहा फोटो तुमच्याकडं आहे म्हणे. कायद्यानं..."

"हाव हाव," चाचा म्हणाले. "आमचं काम म्हणजे हातातून हातात. थांबा." आणि ते दुकानाच्या मागच्या दारानं घरात गेले.

आतलं दार वाजलं. मग चाचांचा आवाज आला, खालच्या पट्टीतला. मग एक दुसरा आवाज, त्याहून खालचा. फुरकान कान देऊन बसला. शब्द कळत नव्हते. पण तो आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो ज्या हातांचा होता ते त्याला पाठ होते.

चाचा रिकाम्या हातानं परत आले. गादीवर बसले, दाढीतला कापूस आता कुठं काढला, आणि मोबाइलमधल्या त्या फोटोकडं कधी पाहिलं नव्हतं तसं फुरकानकडं पाहिलं.

"देत नाही म्हणते."

"काहून?" फुरकान म्हणाला.

"मी विचारलं, पोरी, पाहून झाला ना? म्हणे, नाही झाला. कालपासून पाहून राहिली, अजून झाला नाही." चाचांनी अम्मीकडं वळून हात पसरले. हात मोठे होते, कापसानं पांढरे झालेले. "मी काय करू, भाभी? आयुष्यात पहिल्यांदा माह्या घरी कोणाचा फोटो अडकून पडला. तुमी असं करा, पुढच्या जुम्म्याले चार माणसं घेऊन या. तारखेचं बोलून घेऊ."

"अन् फोटो?"

"तो विसरा आता," चाचा म्हणाले.